रोजच्या लिखाणाला स्वस्तातलं शाईपेन: गोव्याच्या हवेत कुठलं चालतं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इथे जे काही आहे ते २००० रुपयांच्या आतल्या पेनांबद्दल, आणि खरं सांगायचं तर बरंचसं ५०० च्या आतल्यांबद्दलच. सोन्याची निब, लिमिटेड एडिशन वगैरे मंडळींनी रागावू नये. किमती अंदाजाने धरा, दुकानागणिक आणि सेलगणिक बदलतात.

पहिलंच शाईपेन घेतोय. फार फाटे न फोडता एक नाव सांगा ना.

बरं. हजार-पंधराशे खर्चायची तयारी असेल तर पायलटचं मेट्रोपॉलिटन किंवा काकुनो, फाइन म्हणजे बारीक निबचं. तेवढे नकोत तर प्लॅटिनमचं प्रेपी, ते ऑनलाइन बऱ्यापैकी स्वस्तात मिळतं. आणि जवळच्या दुकानात जाऊन आजच हातात हवं असेल तर पार्कर व्हेक्टर नाहीतर कॅम्लिनचं साधं शाईपेन, त्यातलं जे बारीक लिहितं ते. लामी सफारी सगळे सांगतात, १९८० पासून चालत आलेलं चांगलं पेन आहे, पण आपल्याकडे बहुतेकदा दोन हजारांच्या पुढे जातं, कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढायची नळी) वेगळा घ्यावा लागतो तो आणखी, शिवाय त्याची तिकोनी ग्रिप सगळ्यांच्या बोटांना मानवत नाही. पहिल्या पेनाला एवढं कशाला.

माझं मत विचाराल तर बजेट ८०० असेल तर ३०० चं पेन घ्या आणि उरलेल्यात बरी शाई आणि बरी वही घ्या. हजाराचं पेन आणि फुटणारा कागद ही जोडी काहीच कामाची नाही.

फाइन, मिडियम, ब्रॉड, एक्स्ट्रा फाइन यातली कुठली निब घेऊ? मला सगळ्या सारख्याच दिसतात.

मराठी लिहिणार असाल तर फाइन किंवा एक्स्ट्रा फाइन. या एका गोष्टीवर मी वाद घालायला तयार आहे. ऑनलाइन जे रिव्ह्यू असतात ते बहुतेक इंग्रजी लिहिणाऱ्यांचे, त्यांना मिडियम मऊ वाटते, छान वाटते, शाईच्या छटा दिसतात वगैरे, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. पण आपल्या लिपीचं बघा, एका ओळीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, ऋकार, मधे शिरोरेषा, म्हणजे अक्षराच्या अंगाला ओळीची जेमतेम निम्मी उंची मिळते. त्यात क्ष, द्ध, ष्ट्र, श्र असली जोडाक्षरं बसवायची. जाड निबेने ध ची वरची गाठ बुजते आणि त्याचा घ होतो, भ चा म होतो, "धन" लिहिलं की "घन" वाचतात. मोठं अक्षर असेल, एक ओळ सोडून लिहायची सवय असेल तर मिडियम चालेल, नाहीतर नको.

आता त्यात एक मेख आहे. जपानी कंपन्यांची फाइन ही जर्मन कंपन्यांच्या एक्स्ट्रा फाइनच्या जवळ जाते. म्हणजे पायलट, प्लॅटिनम, सेलर यांची फाइन घेतली तर रेघ साधारण ०.४ मिमीच्या आसपास, आणि लामीची फाइन त्याहून चांगलीच जाड. म्हणून नुसतं एफ अक्षर बघून ऑर्डर करू नका, कुठल्या देशातली कंपनी तेही बघा. देशी स्वस्त पेनांवर तर बऱ्याचदा काही लिहिलेलंच नसतं, तिथे कागदावर लिहून बघणं हाच उपाय.

आणखी एक, शिरोरेषा. शब्द लिहून झाला की आपण डावीकडून उजवीकडे एक सरळ लांब रेघ ओढतो, इंग्रजीत असं फारसं नसतं. निब जरा खरखरीत असेल तर ती त्या रेघेत लगेच कळते. म्हणून दुकानात ट्राय करताना सही करू नका, सही सगळीच पेनं छान करतात. "महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी" असलं काहीतरी वर रेघ ओढून लिहा, दोन ओळी. दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

कार्ट्रिज, कन्व्हर्टर, आयड्रॉपर... यात स्वस्त काय पडतं?

कार्ट्रिज म्हणजे शाई भरलेली आयती नळी, संपली की टाकायची. सगळ्यात सोयीचं आणि लांबच्या हिशोबात सगळ्यात महाग. शिवाय पार्करचं पार्करलाच, पायलटचं पायलटलाच, लामीचं लामीलाच बसतं. जिनहाओची पुष्कळ मॉडेलं स्टँडर्ड इंटरनॅशनल कार्ट्रिज घेतात, तिथे सोपं जातं.

कन्व्हर्टर म्हणजे त्याच जागी बसणारी, फिरवून बाटलीतून शाई ओढणारी नळी. साधारण पाऊण ते एक एमएल शाई मावते. रोजच्या वापराला मला हेच बरं वाटतं, आतून धुवायलाही सोपं.

आयड्रॉपर म्हणजे आपलं जुनं, ड्रॉपरने थेट पेनाच्या पोटात शाई घालायची ते. राजमहेंद्रीची रत्नम पेनं १९३० च्या दशकापासून अशीच, एबोनाइटची (म्हणजे कडक केलेल्या रबराची), मुंबईची एअरमेल-वॉलिटीसुद्धा. दोन-तीन एमएल शाई आरामात मावते, महिनाभर बघायला नको. पण आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं, नाहीतर सांध्यातून पाझरतं आणि बोटं निळी. पेट्रोलियम जेली लावू नका, रबराच्या रिंगेला ती चांगली नाही.

एक जुगाड सांगतो. फार्मसीत साधी सिरिंज मिळते, सुईचं टोक दगडावर घासून बोथट करायचं, आणि रिकाम्या कार्ट्रिजमध्येच बाटलीतली शाई भरायची. कन्व्हर्टरचे पैसे वाचतात. कार्ट्रिजचं तोंड सैल वाटायला लागलं की मात्र बदला.

पावसाळ्यात माझ्या वहीत शाई फुटते, मे महिन्यात त्याच वहीवर नीट लिहीत होतो. पेन बिघडलं का?

पेन ठीक आहे, कागदाने पाणी ओढलंय. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत एवढा ओलावा असतो की कपाटातले चपलेचे पट्टेसुद्धा बुरशी धरतात, कागद कसा सुका राहणार. कागदावर कारखान्यात एक प्रकारची खळ दिलेली असते, त्यामुळे शाई वरच्या वर राहते. स्वस्त वहीत ती मुळात कमी, वरून दमट हवा, मग शाई धाग्याधाग्यातून पळते आणि अक्षराला मिशा फुटतात.

उपाय तसे साधे. वापरात असलेली वही झिपच्या पिशवीत ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका, बुटांच्या खोक्यात येते ती चालते. खिडकीजवळच्या टेबलावर वही रात्रभर उघडी टाकू नका. निब बारीक वापरा. शाई कमी सोडणारी घ्या, म्हणजे जी लिहिताना जरा कोरडी वाटते ती. आणि जीएसएमच्या (दर चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, त्या) आकड्यावर फार विश्वास ठेवू नका, ७० जीएसएमचा नीट खळ दिलेला कागद ९० च्या भुसभुशीत कागदापेक्षा चांगला वागतो. वही घेताना मागच्या पानावर एक रेघ ओढून पाठीमागे बघा, उमटली तर ठेवून द्या. वहीचा ब्रँड तोच असला तरी वेगवेगळ्या लॉटमध्ये कागद वेगळा निघतो, त्यामुळे एकदा चांगली सापडली की वर्षाची एकदम घेऊन ठेवा. सुक्या जागेत, अर्थात.

शाई कुठली भरू? दुकानात तर एकच निळी बाटली असते.

ती एकच निळी बाटलीही वाईट नसते. कॅमलची रॉयल ब्लू घ्या, दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेली कंपनी, सुरुवातच शाईची पूड विकण्यापासून. ब्रिल आहे, तीही स्वस्त आणि सरळ वागणारी. कोलकात्याची सुलेखा १९३४ ची, स्वदेशीच्या काळातली, मधे बरीच वर्षं बंद होती आणि २०२० नंतर शाईपेनाच्या शाया घेऊन परत आली, रंग छान आहेत, ऑनलाइन मागवावी लागते. पार्करची क्विंक सगळीकडे मिळते.

आता रॉयल ब्लूचा स्वभाव लक्षात ठेवा. बहुतेक रॉयल ब्लू शाया पाण्याला अजिबात टिकत नाहीत. छत्री झटकली, चार थेंब पडले की पान गेलं. शाळेच्या युनिफॉर्मवरचा डाग धुतला जातो हा तिचा गुण, आणि पावसात भिजलेल्या नोट्स वाचता येत नाहीत हा अवगुण. ज्यांना बसस्टॉपवर, शेतात, साइटवर लिहायचंय त्यांनी बाटलीवर परमनंट लिहिलेली काळी किंवा निळी-काळी घ्यावी. पिगमेंटवाल्या वॉटरप्रूफ शाया खरोखर पक्क्या असतात, पण त्या पेनात सुकू द्यायच्या नाहीत, आठवडाभर पडून राहणार असेल तर आधी धुवायचं.

स्टेशनरीच्या दुकानात "वॉटरप्रूफ ड्रॉईंग इंक" पण असते, स्वस्त आहे. ती चालेल?

नाही. नाही म्हणजे नाही. त्यात लाखेसारखं चिकट द्रव्य असतं, ते जिभेत (निबेखालचा खाचांचा काळा भाग, इंग्रजीवाले फीड म्हणतात तो) सुकलं की पेन संपलं. कॅलिग्राफी इंक म्हणून मिळते तिचंही बहुधा तेच. बाटल्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच, दुकानातल्या पोराला फरक माहीत असेलच असं नाही. लेबलवर फाउंटन पेन इंक असं लिहिलेलं बघूनच उचला.

बाटलीत पांढरट जाळं धरलंय, वास येतोय. गाळून वापरू का?

बुरशी आहे, फेकून द्या, त्या बाटलीतून भरलेलं पेनही साबणपाण्याने नीट धुवा. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतली की हे होतं. आपल्या हवेत तर हमखास.

दोन दिवस लिहिलं नाही की पेन चालत नाही, झटकावं लागतं. भिंतीवर डाग पडलेत, घरात बोलणी खातोय.

झटकू नका, निबेचं टोक ओल्या फडक्याला टेकवा, शाई खाली येते. रोज होत असेल तर टोपणात गडबड आहे. स्वस्त पेनांचं पहिलं दुखणं हेच, टोपणाच्या आत हवा बंद करणारा जो आतला कप असतो तो एकतर नसतो किंवा तडकलेला असतो. बघायची सोपी युक्ती म्हणजे टोपणाचं उघडं तोंड ओठांना लावून हवा ओढा, क्लिपच्या खाचेतून हवा सरळ येत असेल तर ते पेन सुकणारच. (नवं पेन दुकानात असं तपासू नका हो, घरी आणल्यावर.) प्लॅटिनमच्या प्रेपीत स्प्रिंगवाला आतला कप असतो, महिनोन्महिने पडलं तरी लिहितं, त्या किमतीत असं दुसरं कुठलं मला माहीत नाही. अधूनमधूनच लिहिणाऱ्यांनी तेच घ्यावं.

उन्हाळ्यात पंख्याखाली लिहिता लिहिता विचार करत बसलात की निब उघडी सुकते. यावर जुना उपाय म्हणजे झाकलेली निब, हीरोची जुन्या धाटणीची पेनं बघा, नुसतं टोकच बाहेर असतं, १९४१ च्या पार्कर ५१ वरून घेतलेली रचना. वर्गात पंख्याखाली बसणाऱ्या शिक्षक मंडळींना ही पेनं चांगली.

नवंकोरं पेन आहे तरी शाई तुटक येते.

आधी धुवा. कारखान्यातलं तेल जिभेवर राहिलेलं असतं, म्हणून कुठलंही नवीन पेन शाई भरायच्या आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून दोन-चारदा भरून-सोडून घ्यायचं, मग साध्या पाण्याने. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकडं होतं आणि एबोनाइटचा रंग उडतो. पुढेही महिन्यातून एकदा असंच धुवायचं, शाईचा रंग बदलताना तर नक्कीच.

धुवूनही तुटक येत असेल तर बॉलपेनची सवय आठवा. बॉलपेन दाबून आणि उभं धरून लिहावं लागतं, शाईपेन तिरकं धरायचं आणि दाबायचं मुळीच नाही, पेनाचं स्वतःचं वजन पुरतं. दाबलं की निबेचे दोन दात फाकतात, शाई मधल्या फटीत अडकते आणि माणूस अजून दाबतो.

निब खरखरते. आजोबा सांगतात काचेवर घास.

आजोबांच्या काळात निब दोन पैशाला मिळायची. निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक बारीक मणी जोडलेला असतो, तो एकदा घासून गेला की परत येत नाही. बहुतेक वेळा खरखरण्याचं कारण एवढंच असतं की दोन दात वरखाली झालेत. भिंगातून टोकाकडून बघा, एक दात वर दिसला तर नखाने त्याला हळूच खाली दाबायचं, जरासं, परत बघायचं. दहातल्या ९ वेळा यातच काम होतं, दहाव्या वेळी निब बदला. कानपूरच्या कॅनराइटच्या निबा सुट्या मिळतात आणि बऱ्याच देशी पेनांना बसतात, माप विचारून घ्या.

खिशात शाई सांडते. विमानात, घाटात तर हमखास.

पेनाच्या टाकीत जेवढी हवा जास्त तेवढा त्रास. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून मोपा किंवा दाबोळीहून उडताना पेन एकतर काठोकाठ भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर करून. चोर्ला घाटाने बेळगावला जाताना एवढं काही होत नाही, पण अर्धा रिकामा आयड्रॉपर असेल तर टोपणात थेंब दिसतो. आयड्रॉपरचं आणखी एक, हाताच्या उबेनेही आतली हवा फुगते आणि लिहिता लिहिता टपकन थेंब पडतो, म्हणून तो पाव भरलेला उरला की भरून टाका. पॅन्टच्या मागच्या खिशात पेन ठेवणाऱ्यांना मी काही सल्ला देऊ शकत नाही.

मी डावखुरी आहे, सगळं पुसलं जातं.

लवकर सुकणारी शाई, बारीक निब, आणि हात ओळीच्या खाली ठेवून लिहिता येतं का बघा, मग तळवा ओल्या अक्षरांवरून जात नाही. त्रास शिरोरेषेचा होतो कारण तिथे तुम्ही निब ढकलता, उजव्या हाताचा माणूस ओढतो. काहीजणी शब्दागणिक रेघ न मारता ओळ पूर्ण झाल्यावर मारतात, तेवढ्यात सुकतंही. लामीची डावखुऱ्यांसाठी वेगळी निब मिळते, पण साध्या गोल टोकाच्या निबेने भागतं.

मुलगा आठवीत आहे, देऊ का? आणि बोर्डाच्या परीक्षेत चालतं का?

द्या, वर्षाच्या सुरुवातीला द्या, परीक्षेच्या तोंडावर नको. हात बसायला महिना-दोन महिने जातात. परीक्षेत निळी किंवा काळी शाई, सूचनेत जे लिहिलंय ते पाळा, आणि उत्तरपत्रिकेचा कागद कसा असेल ते आधी कळत नाही, म्हणून सोबत दोन बॉलपेनं असलीच पाहिजेत. ओएमआरचे गोल बॉलपेननेच भरायचे. शाळेत न्यायला कार्ट्रिजवालं पेन, बाटली दप्तरात अजिबात नाही.

खरंच पैसे वाचतात का, की नुसती हौस?

६० एमएलची देशी शाई शंभराच्या आत मिळते. कन्व्हर्टरमध्ये ०.८ एमएल मावते धरा, म्हणजे बाटलीत ७५ वेळा भरून होतं. आठवड्याला एकदा भरलं तर जवळजवळ दीड वर्ष. वर ३०० चं पेन, ते नीट ठेवलं तर सहज पाच-सात वर्षं. तेवढ्या काळात जेलपेनं किती टाकली असती ते स्वतःच मोजा. पण रोज पानभरसुद्धा लिहीत नसाल तर वाचत काही नाही, हौस म्हणून घ्या, हौसेलाही ३०० रुपये काही फार नाहीत. आणि मग दुसरं पेन, तिसरं पेन, चार रंगांच्या शाया असं सुरू झालं तर हा सगळा हिशोब विसरा.

गोव्यात कुठे बघू?

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा, काउंटरवर मांडलेली नसतात, आतल्या कपाटातून काढून देतात. डिचोली-साखळीकडेही शाळेजवळच्या दुकानांत कॅम्लिनची मिळतात. जुना पडून राहिलेला माल असेल तर क्लिप बघून घ्या, आपल्या खाऱ्या हवेत हलकं प्लेटिंग सोलून जातं आणि खिशाला गंजाचा डाग पडतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चकचकीत मेटलपेक्षा प्लॅस्टिकचं पेन घ्यावं. जपानी पेनं ऑनलाइनच. फार स्वस्त पार्कर दिसलं तर संशय घ्या, डुप्लिकेट पुष्कळ फिरतात.

चेक, पंचायतीचे अर्ज, कुरियरची स्लिप?

चेक धुतल्या जाणाऱ्या रॉयल ब्लूने लिहू नका, परमनंट शाई नाहीतर सरळ बॉलपेन. कार्बन लावलेल्या कशालाही शाईपेन कामाचं नाही, खालच्या प्रतीवर काहीच उमटत नाही. आणि मामलेदार कचेरीत कुणी "पेन देता का जरा" म्हटलं तर बॉलपेन द्या, शाईपेन नको, दाबून लिहितात.

माळ्यावर आजोबांचं जुनं पेन सापडलंय. चालू होईल?

बऱ्याचदा होतं. आत रबराची पिशवी असेल तर ती दमट हवेत चिकट नाहीतर कडक झालेली असणार, लीव्हर किंवा बटण जोरात ओढू-दाबू नका, पिशवी तुटेल आणि आतली पट्टीही वाकेल. आयड्रॉपर असेल तर नशीबवान आहात, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. पुढचा भाग साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पाणी निळं होत राहील, ते स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. एबोनाइटचं असेल तर अख्खं पेन पाण्यात टाकू नका, काळा रंग जाऊन शेणट तपकिरी होतो, फक्त निबेकडचा भाग. आटे अडकले असतील तर पक्कड लावू नका, थोडं कोमट पाणी, मग रबरी हातमोजा घालून पिळा. नाहीच सुटलं तर कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे अजून दुरुस्ती करणारे आहेत, कुणी जाणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवा. त्यात पहिल्यांदा शाई घालाल ती साधी रॉयल ब्लूच घाला, काही गळलं तरी धुवून निघतं.